रुबार्बच्या कृतीवर करवंदाचा टार्ट : माझा अनुभव

टार्ट म्हणजे मैद्याच्या भाजलेल्या कवचात भरलेलं फळाचं सारण, आणि मूळ कृती रुबार्बची. रुबार्ब हे फळ नव्हे, देठ. चवीला आंबट, तंतुमय आणि जवळजवळ ९४ टक्के पाणी. पानांत ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असल्याने ती विषारी, म्हणून देठाला पानाचा तुकडाही राहू द्यायचा नाही. हे थंड हवेचं पीक बेळगावच्या मंडईत येत नाही. काष्ठौषधीच्या दुकानात रेवंदचिनी मिळते ती याच कुळातल्या झाडाची वाळवलेली मुळी, पण ती रेचक आहे. टार्टच्या वाटेला तिला आणू नये.

त्या आंबटपणाच्या जवळ जाणारं आपल्याकडचं फळ म्हणजे करवंद. एप्रिलअखेरपासून खानापूर, जांबोटी, कणकुंबी या भागातून करवंदं येऊ लागतात. टार्टसाठी दोन प्रकारची लागतात: गुलाबी-लालसर झालेली अर्धकच्ची आणि पूर्ण काळी. नुसती काळी घेतली तर आंबटपणा उरत नाही, हिरवीगार घेतली तर साल चामट राहते. बेकरीतल्या केकवरची लालभडक ‘चेरी’ बहुतेक वेळा साखरेत मुरवलेलं करवंदच असतं, तेव्हा बेकिंगला हे फळ नवखं नाही. पहिला मोठा पाऊस झाला की मात्र करवंदं पाणचट होतात आणि अळ्याही निघतात. त्याआधीच घ्यावीत.

रुबार्बची कृती जशीच्या तशी लावली तर करवंद फसवतं. रुबार्बला चीक नसतो, करवंदाला भरपूर. रुबार्बवर आधी साखर घालून पाणी सुटू देतात. तेच अर्धकच्च्या करवंदाला केलं तर साखर आतला रस ओढून घेते, साल आक्रसते आणि पुढे कितीही शिजवा, मऊ होत नाही. आणि रुबार्बचं पाणी आवळायला जेवढं कॉर्नफ्लोअर लागतं तेवढं इथे घातलं तर सारण रबरासारखं होतं, कारण करवंदात पेक्टिन (जॅम-जेली घट्ट करणारा फळातला घटक) आधीच भरपूर आहे.

२३ सेंमीच्या, तळ सुटा होणाऱ्या टिनसाठी माझं माप असं: मैदा २०० ग्रॅम, लोणी ११० ग्रॅम, पिठीसाखर ४० ग्रॅम, एका अंड्याचा बलक आणि १–२ चमचे बर्फाचं पाणी. अंडं चालत नसेल तर बलक आणि पाण्याऐवजी ३ चमचे थंड दूध. सारणाला अर्धकच्ची करवंदं ३५० ग्रॅम, काळी २५० ग्रॅम, साखर २२० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर एक सपाट चमचा, किसलेलं आलं अर्धा चहाचा चमचा. जिथे नुसतं चमचा म्हटलंय तिथे १५ मिलिलिटरचा मोठा चमचा धरावा. तळाला काजूची जाडसर पूड ४० ग्रॅम आणि एक चमचा भाजलेला बारीक रवा. चंदगडचे काजू इकडे सहज मिळतात, तुकडा घेतला तरी चालतो, पूडच करायची आहे.

विकतचं पिवळं लोणी खारट असतं, त्यामुळे वेगळं मीठ नको. घरचं पांढरं लोणी वापरायचं तर आधी थंड पाण्यात धुऊन, फडक्यात दाबून पाणी काढावं लागतं. ते पाणी राहिलं की मैदा चिवट होतो आणि भाजताना कड टिनपासून खाली बसते. तुपाने कवच नानकटाईसारखं भुसभुशीत होतं, खायला छान, पण कापताना रसाचं वजन पेलत नाही.

मे महिन्यात पीठ सकाळी सातच्या आत मळून घ्यावं. दुपारी स्वयंपाकघरात लोणी हातातच वितळतं आणि कवचाचा खुसखुशीतपणा तिथेच जातो. गार लोण्याचे तुकडे बोटांच्या टोकांनी मैदा-पिठीसाखरेत चोळायचे, तळहात लावायचा नाही. रव्यासारखं दिसलं की बलक-पाणी घालून फक्त गोळा जुळवायचा. कणकेसारखं तिंबायचं नाही. चपटं करून अर्धा तास फ्रिजमध्ये, मग दोन प्लॅस्टिकच्या कागदांमध्ये ३ मिमी जाड लाटायचं. टिनमध्ये पसरताना पोळी ओढून कोपऱ्यात बसवू नये, उचलून सैल सोडावी. ओढलेलं पीठ भट्टीत परत मागे येतं. काटलेल्या कडांचं पीठ टाकू नका, त्याचं काम पुढे आहे. टिन पुन्हा २० मिनिटं फ्रिजमध्ये.

करवंदं निवडताना हाताला आणि सुरीला खोबरेल लावावं, नाहीतर चीक दिवसभर सुटत नाही. अर्धकच्च्यांचे दोन भाग करून बिया काढायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या. अर्ध्या तासात पाण्यावर पांढुरका तवंग येतो. तो ओतून दोनदा धुतलं की ओठांना चिकटणारा तुरटपणा बराच कमी होतो. या कामाला वेळ लागतो आणि त्याला आडवाट नाही. काळ्यांच्या बिया काढत बसू नये. दोन चमचे पाण्यात पाच-सहा मिनिटं शिजवून पुरणाच्या चाळणीवर घासायची, बिया वर राहतात आणि खाली गडद जांभळा गर येतो.

भांडं स्टीलचं हवं. ॲल्युमिनियममध्ये आंबट फळ शिजवलं की धातूची चव उतरते. अर्धकच्ची करवंदं आधी अर्धी वाटी पाण्यात चार मिनिटं वाफवून साल मऊ करायची, त्यानंतरच साखर, गर आणि आलं. मध्यम आचेवर आटवत राहायचं, चमचा तळातून ओढल्यावर मागे क्षणभर वाट दिसली की पुरे. कॉर्नफ्लोअर दोन चमचे गार पाण्यात कालवून शेवटी घालायचं आणि एकच मिनिट उकळायचं. आंबट सारणात ते फार वेळ उकळलं की घट्टपणा सोडून देतं. गरम असताना सारण पातळ वाटतं, पण पेक्टिन गार होताना धरतं, तेव्हा घाबरून आणखी कॉर्नफ्लोअर घालू नये. सारण पूर्ण गार होऊ द्या.

आता तळ. ओल्या फळाच्या टार्टमध्ये नव्वद टक्के वेळा रडगाणं तळाचंच असतं. ओटीजी (घरगुती विजेची भट्टी) १८० अंश सेल्सिअसवर वीस मिनिटं तापवावा. घरगुती ओटीजीचा काटा १५–२० अंश खोटा असणं नेहमीचं आहे, आतला थर्मामीटर घेतलेला बरा. कवचाला काट्याने टोचून वर बटर पेपर, त्यावर कडेपर्यंत राजमा किंवा सुके हरभरे (हे धान्य नंतर शिजत नाही, डब्यात वेगळं ठेवून पुन्हा याच कामाला वापरायचं). खालच्या कप्प्यात १५ मिनिटं, मग कागद-धान्य काढून आणखी ८–१० मिनिटं, तळ फिकट सोनेरी आणि हाताला कोरडा लागेपर्यंत. चीर दिसली तर जपून ठेवलेलं पीठ अंगठ्याने त्यात भरावं. चीर तशीच राहिली तर रस टिनमध्ये उतरतो, जळतो आणि टार्ट तळाला चिकटतो.

गरम कवचावर काजूपूड आणि रवा पसरायचा, तो सुटणारा रस पितो. इथे कुंद्याचा (बेळगावची दुधाची मिठाई) पातळ थर द्यायची कल्पना बेळगावकराला सुचणारच. मी दिला आहे. चव जमते, पण मग साखर १५० ग्रॅमवर आणावी लागते, आणि टार्ट कुंद्यासाठीच खाल्ला जातो.

गार सारण भरून खालच्याच कप्प्यात १८० अंशांवर २५ ते ३० मिनिटं. कडेला बुडबुडे लवकर येतात, ते खूण नव्हे. मधोमध जाड, संथ बुडबुडे दिसायला हवेत. कड आधी लाल झाली तर फॉइलची पट्टी गुंडाळावी. वळवाच्या दिवसांत मध्येच वीज गेली तर दार उघडू नये. सारण आधीच शिजलेलं असल्याने बिघडत नाही, वीज आल्यावर राहिलेली मिनिटं आणि वर पाच द्यावीत. कोरं कवच भाजताना गेली तर मात्र लोणी वितळून कड ढासळते, म्हणून ढग जमायच्या आत निदान तेवढं उरकून घ्यावं.

कापायच्या आधी किमान तीन तास. गरम कापला तर ताटात रस्साच होतो. टिन ॲल्युमिनियमचा असेल तर रात्रभर त्यातच ठेवू नये. पावसाळी हवेत कवच संध्याकाळपर्यंत नरमतं, १६० अंशांवर दहा मिनिटांत बऱ्यापैकी परत येतं. सोबत रुबार्बला कस्टर्ड देतात, करवंदाला बिनसाखरेची गार साय पुरते.