तुम्ही विचारलंत म्हणून: यादी रिकामी, तरी पोर्ट बंद का?

ऐरोली-महापेत लिनक्स सर्व्हर सांभाळणारी मंडळी आम्हाला हमखास विचारतात: आयपीटेबल्सच्या (लिनक्सची फायरवॉल कमांड) यादीत एकही नियम नाही, पॉलिसी (नियम लागू न झालेल्या पॅकेटचं काय करायचं ते) ॲक्सेप्ट म्हणजे 'जाऊ द्या' आहे, मग पोर्ट कोण अडवतंय?

बहुतेक वेळा नियम असतात, पण दुसऱ्या घरात. आयपीटेबल्सच्या जागी आलेली नवी यंत्रणा एनएफटेबल्स 2014 साली लिनक्सच्या कर्नल 3.13मध्ये आली. 2018च्या आयपीटेबल्स 1.8पासून जुनी कमांड आयपीटेबल्स-लेगसी झाली. जुन्याच पद्धतीने लिहिलेले नियम एनएफटेबल्समध्ये टाकणारी ती आयपीटेबल्स-एनएफटी. डेबियनमध्ये दोन्ही एकाच पॅकेजात येतात. नुसतं 'आयपीटेबल्स' ही तिथे सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी फाइल) असते आणि डेबियन 10पासून ती एनएफटीकडे जाते. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स 8मध्ये लेगसी मिळतच नाही. जुनी स्क्रिप्ट किंवा जुन्या इमेजचा कंटेनर (सर्व्हरवर वेगळ्या कप्प्यात चालणारा प्रोग्राम) मात्र होस्टवर, म्हणजे मूळ सर्व्हरवर, लेगसीत नियम लिहून मोकळा होतो. पॅकेट दोन्हीकडून जातं: एकाने ड्रॉप केलं, म्हणजे टाकून दिलं, की संपलं, दुसऱ्याच्या ॲक्सेप्टने ते वाचत नाही.

म्हणून आधी 'आयपीटेबल्स --व्हर्जन' चालवा. आवृत्तीपुढच्या कंसात लेगसी की एनएफ-टेबल्स ते दिसतं. मग 'आयपीटेबल्स-लेगसी-सेव्ह' आणि 'एनएफटी लिस्ट रूलसेट' यांचं आउटपुट शेजारी ठेवून वाचा. लेगसी पाहायला लिस्टचा पर्याय वापरू नका. त्याने जुनं मॉड्यूल लोड होतं, रिकामं टेबल तयार होतं आणि पुढे लेगसी टेबल असल्याचा इशारा उगाच दिसत राहतो.

एका बाजूला आणायचं तर आमचं मत एनएफटीच्या बाजूने. लेगसी-सेव्हचं आउटपुट फाइलमध्ये घ्या, त्यातले डॉकरचे (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) नियम काढा, 'अपडेट-ऑल्टरनेटिव्ह्ज'ने सिमलिंक वळवा, फाइल रिस्टोअर करा. मगच लेगसी रिकामं करा, आणि इथेच बरेच जण अडकतात: इनपुटची (आत येणाऱ्या पॅकेटची) पॉलिसी ड्रॉप असताना फ्लश केलं, म्हणजे सगळे नियम पुसले, की एसएसएच (सर्व्हरशी दुरून केलेलं कनेक्शन) तिथेच तुटतं. आधी लेगसीतल्या इनपुट, फॉरवर्ड, आउटपुट तिन्हींची पॉलिसी ॲक्सेप्टवर आणा, मग फ्लश करा. सर्व्हर डेटा सेंटरमध्ये असेल तर कन्सोल (एसएसएचशिवाय सर्व्हरवर जायची वाट) उघडा ठेवूनच हे करा. नॅट (पत्ते बदलणाऱ्या नियमांचं) टेबलचं नाव देऊन तेही वेगळं फ्लश करावं लागतं. शेवटी डॉकर रीस्टार्ट करा, म्हणजे तो आपले नियम नव्या बाजूला लिहील.

आयपीव्ही6साठीच्या आयपी6टेबल्सची सिमलिंक स्वतंत्र असते. हे सगळं तिच्यासाठीही करायचं.