वाळूत उतरणारा धक्का

इजिप्तमधल्या सक्काराला येणारे बहुतेक लोक आधी झोसरच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडकडे जातात. मी गाडीतून उतरलो आणि खालीच, शेतांच्या कडेला असलेल्या एका पडक्या मंदिरापाशी थांबलो. हे उनास राजाच्या पिरॅमिडचं पायथ्याचं मंदिर, सुमारे 4,300 वर्षांपूर्वीचं. ताडाच्या झाडासारखे घडवलेले ग्रॅनाइटचे खांब, उखडलेली फरशी आणि खाली उतरत जाणारा दगडी उतार. बोटी लावायचा धक्का होता हा. आजची नाईल मात्र इथून पूर्वेला पाच किलोमीटरहून लांब वाहते.

मग या बोटी कुठून यायच्या? हा प्रश्न माझ्या डोक्यात बरीच वर्षं होता, आणि त्याचं उत्तर देणारं रडारचित्र मी सोबत छापून आणलं होतं.

वाळूखालच्या नद्या दिसू लागल्या त्या नोव्हेंबर 1981 मध्ये. कोलंबिया या अवकाशयानाच्या दुसऱ्या उड्डाणात एक रडार होतं. यानात बिघाड झाल्यामुळे पाच दिवसांची मोहीम दोन दिवसांत आटोपावी लागली. तेवढ्यात त्या रडारने दक्षिण इजिप्त आणि उत्तर सुदानमधल्या सेलिमाच्या वाळूपठाराचा एक पट्टा टिपला. जमिनीवरून पाहिलं तर तिथे क्षितिजापर्यंत सपाट वाळू, खूण म्हणून काही नाही. रडारच्या चित्रात मात्र नद्यांची खोरी उमटली, त्यातली काही जवळपास नाईलच्या खोऱ्याइतकी रुंद. नंतर संशोधकांनी तिथे जाऊन खड्डे खणले, तेव्हा अश्मयुगीन माणसांच्या हातकुऱ्हाडी सापडल्या. मला या सगळ्या कथेतला हाच भाग सर्वांत जास्त हलवून जातो. आज जिथे थेंबभर पाणी नाही, तिथे नदीकाठी माणसं बसून दगड घडवत होती.

हे कसं जमतं, ते मला धक्क्याजवळ उभं राहिल्यावर हातानेच कळलं. मूठभर वाळू उचलली. बोटांमधून सगळी निसटली, एक कण चिकटला नाही. मग चार पावलं पलीकडे शेताच्या बांधावरची माती दाबून पाहिली, तर बोटं काळी झाली. रडारलाही फरक पडतो तो नेमका याचाच. त्या 1981 च्या रडारच्या लहरींची लांबी 24 सेंटिमीटरच्या आसपास होती. अशा लहरी अगदी कोरड्या, बारीक वाळूतून मीटर-दोन मीटर आरपार जातात. खाली गोट्यांचा खडबडीत तळ लागला तर परततात आणि चित्रात उजळ दिसतात, गुळगुळीत गाळ असेल तर तो भाग काळा राहतो. वाळूत ओल असली की मात्र लहरी वरच अडतात. वाळवंट इतकं कोरडं झालं, म्हणूनच त्यातली जुनी नदी दिसली!

मंदिरापासून वर पिरॅमिडकडे साधारण 750 मीटरचा दगडी रस्ता जातो. एके काळी त्याला भिंती आणि छत होतं. एका छोट्या भागात ते आता पुन्हा उभारलंय, तिथे मान वर केली की छतावर चांदण्या कोरलेल्या दिसतात. याच रस्त्याच्या भिंतींवर एक चित्र कोरलेलं होतं : दूर दक्षिणेच्या असवानकडून ग्रॅनाइटचे खांब घेऊन येणारी बोट. म्हणजे दगड पाण्यावरून आले, हे बांधणाऱ्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय. रस्त्याच्या बाजूला बोटींसाठी खोदलेले दोन लांबलचक खड्डेही आहेत. तिथे मी बराच वेळ रेंगाळलो.

वर पोचून मागे वळलो. एका बाजूला पिवळं पठार, दुसऱ्या बाजूला हिरवी शेतं, मधली रेघ चाकूने कापल्यासारखी. या कडेलाच लागून नाईलची एक शाखा वाहायची, हे 2024 मध्ये संशोधक इमान घोनेम आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. लांबी सुमारे 64 किलोमीटर, दक्षिणेला लिश्तपासून उत्तरेला गिझापर्यंत, आणि तिच्या काठाने 31 पिरॅमिड. तिला त्यांनी नाव दिलं ‘अहरामत’, म्हणजे पिरॅमिड. ओल्या शेतांखाली रडार शिरत नाही, म्हणून तिथे उपग्रहावरच्या रडारनेच मोजलेली जमिनीची उंची कामी आली. वरवर सपाट वाटणाऱ्या शेतांमध्ये एक उथळ, लांब खोलगटपणा सापडला. मग जमिनीत खोलवर छिद्रं घेऊन नळीभर माती बाहेर काढली, तेव्हा नदीचाच गाळ हाती आला. ही शेवटची पायरी मला फार मोलाची वाटते. चित्रावर थांबले नाहीत, खाली हात घालून पाहिलं.

दुष्काळ वाढत गेला, वारा वाळू आणत राहिला आणि शाखा हळूहळू बुजली.

उन्हं कलल्यावर पुन्हा धक्क्याशी आलो. छापलेलं चित्र गुडघ्यावर पसरलं, पठाराची कड बोटाने शोधत मंदिरापर्यंत आलो. त्याच्या पूर्वेला तो लांब पट्टा, उत्तर-दक्षिण. मान वर केली तर तिथे शेत होतं, आणि पाटातून पाणी चाललं होतं. उताराचा शेवटचा दगड मी हाताने झाडला. पुढे तो वाळूखाली गेला होता, पूर्वेकडेच.