आमची वाटचाल : भरती पाहून ठरणारी सहल

शाळांसाठी पक्षिनिरीक्षणाच्या सहली आखण्याचा आमचा व्यवसाय मुलुंडच्या राहत्या घरातून, उसन्या दुर्बिणींवर सुरू झाला. त्याआधी मी शाळेत विज्ञान शिकवत असे. चोच आणि आहार यांचा संबंध फळ्यावर काढून दाखवताना, तो मुलांना चिखलाच्या कडेला उभे राहून दिसला पाहिजे, असे मला सतत वाटे.

शाळांची अपेक्षा वेगळी होती. एका बसमध्ये पन्नास मुले, सोयीचा शनिवार आणि दुपारी जेवण, अशी त्यांची सहल असे. ठाणे खाडीवर शनिवार चालत नाही. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) ज्या चिखलात चरतात, तो पूर्ण भरतीला पाण्याखाली जातो आणि पूर्ण ओहोटीला थवे इतके लांब पांगतात की दुर्बिणीतूनही नुसती गुलाबी रेघ दिसते. पाणी चढू लागले की पक्षी किनाऱ्याकडे सरकतात. आम्हाला हवी असते ती हीच वेळ. कोळीवाड्यात तिथीची पाऊणपट करून भरतीचा तास काढतात : पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकराच्या सुमारास. त्यामुळे मुंबईतल्या शिवडी किनाऱ्याची सकाळची सहल आम्ही पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास धरतो आणि भरतीच्या तक्त्यावरून वेळ पक्की करतो. हे गणित आता सहलीआधी वर्गात मुलांकडूनच सोडवून घेतो आणि मुख्याध्यापकांना मुलांनी काढलेली तारीख कळवतो. तेव्हापासून तारखेवरची घासाघीस जवळजवळ थांबली.

किनाऱ्यावर पोहोचल्यावर एका मार्गदर्शकामागे दहा-बारा मुले, याहून जास्त आम्ही घेत नाही, मग शाळा हातची गेली तरी चालेल. लहान रोहित चोच उलटी करून पाण्यातले सूक्ष्म शैवाल गाळून घेतो आणि त्याच शैवालातल्या रंगद्रव्यामुळे त्याची पिसे गुलाबी होतात, हे प्रत्येक मुलाने स्वतः न्याहाळून वहीत उतरवायचे असते. गर्दीत ते होत नाही. ठाणे खाडीचा ऐरोली-वाशीकडचा भाग २०१५ मध्ये रोहित पक्षी अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आला. त्यानंतर शाळांची विचारणा वाढली, हेही खरे.

पावसाळा मात्र रिकामा जाई. रोहित गेलेले, शाळा चिखलाला घाबरणाऱ्या आणि मार्गदर्शकांचे मानधन चालूच. मग शहराबाहेर, भातशेतीच्या कडेच्या शिंदीच्या झाडांवर सुगरणीची घरटी दुरून दाखवायला सुरुवात केली. नर अर्धे घरटे विणून मादीपुढे मांडतो आणि तिने पसंत केले तरच ते पुरे करतो. नाकारलेली अर्धवट घरटी शेजारीच लटकत असतात. मला विचाराल तर आमची सर्वांत चांगली सहल हीच.

महापालिकेच्या शाळांकडून आम्ही फक्त बसभाडे घेतो आणि बाकीचा खर्च इतर शाळांच्या शुल्कातून भागवतो. त्यापायी नव्या दुर्बिणींची खरेदी पुढच्या वर्षावर गेली आहे आणि तूर्त दोन मुलांत एक दुर्बीण आहे. हा दर मात्र आम्ही बदलणार नाही.