मिलिटरी बोलवायची म्हणजे नेमकं काय करायचं

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 ला धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये ते 57 फुटांच्या वर गेलं होतं. पाणी धोक्याची खूण ओलांडतं तशी गावभागापासून पलूसच्या नदीकाठापर्यंत एकच मागणी सुरू होते, मिलिटरी बोलवा. आपल्याकडे ती साहजिक आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात, आणि सांगली-सातारा या दोन्ही जिल्ह्यांत फौजेत कोणी नाही असं गाव शोधावं लागेल. पण मिलिटरी कोण बोलावतं आणि आल्यावर ती कोणाचं ऐकते, हे नीट माहीत नसल्याने दर पुरात चुकीच्या माणसाला शिव्या बसतात.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस हे विषय राज्याकडे आहेत, सैन्य केंद्राकडे. मुलकी सत्तेच्या मदतीला केंद्राचं सशस्त्र दल पाठवण्याचा विषय 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने केंद्राच्या सूचीत 2अ म्हणून वेगळा लिहिला गेला. त्यामागे जुनं भांडण होतं. 1968 मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या संपावेळी केंद्राने केरळ सरकारला न विचारता तिथे सीआरपीएफ, म्हणजे केंद्राचं राखीव पोलीस दल, पाठवली होती. पुढे केंद्र-राज्य संबंधांवरच्या सरकारिया आयोगाने सांगितलं की शक्य तिथे राज्याशी आधी बोलावं, पण ते बंधनकारक नसावं. माझ्या मते दंगलीच्या बाबतीत हा वाद अजून जिवंत आहे आणि राहायलाही हवा. पुरात मात्र घोडं अडतं ते दुसरीकडे.

दंगलीचं थोडक्यात सांगतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 149 प्रमाणे जमाव दुसऱ्या कशाने पांगत नसेल, तर हजर असलेला जिल्हाधिकारी किंवा त्याने अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी सैन्याला तसं सांगू शकतो. कसं पांगवायचं हे लष्करी अधिकारी ठरवतो, पण कमीत कमी बळ वापरून. दंडाधिकाऱ्याशी संपर्कच होत नसेल, तर कलम 150 खाली कमिशन्ड अधिकारी स्वतः पाऊल उचलू शकतो. संपर्क झाला की पुढे दंडाधिकाऱ्याचं ऐकायचं. सर्वोच्च न्यायालयानेही 1997 मध्ये स्पष्ट केलं की ‘मदतीला’ म्हणजे मुलकी सत्तेच्या जागी बसणं नव्हे.

पुरात याच तत्त्वाला वेगळं रूप येतं. काय करायचं हे जिल्हाधिकारी सांगतो, कसं करायचं हे फौजेचा कमांडर ठरवतो. जवान तहसीलदाराच्या हाताखाली जात नाही आणि कमांडर जिल्हा चालवत नाही. मागणीचा रिवाज असा की आधी जिल्ह्याची साधनं, मग राज्याची, मग एनडीआरएफ म्हणजे केंद्राचं आपदा दल, आणि ते पुरत नाही तेव्हा सैन्य. एनडीआरएफची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबरेला आहे. मागणी मंत्रालयातून दिल्लीकडे जाते, पण जीव धोक्यात असतील तर जवळच्या लष्करी ठाण्याचा प्रमुख वरच्या आदेशाची वाट न पाहता मदत पाठवू शकतो. ही मुभा जुनी आहे, ती वापरायला जिल्ह्याने कचरू नये. कोल्हापूरला प्रादेशिक सेनेची बटालियन आहे, बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र. बेळगाव कर्नाटकात म्हणून फौजेला काही अडत नाही. अडतं ते कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या विसर्गावर, आणि तो प्रश्न कोणताही ब्रिगेडिअर सोडवू शकत नाही, तिथे दोन राज्यांनाच बोलावं लागतं.

खरी गडबड मागणीपत्रात होते. ‘तातडीने लष्कराची मदत मिळावी’ एवढं लिहून काही हाती लागत नाही. माणसं किती पाठवायची हे फौज ठरवेल. तुम्ही काम लिहा. गाव कोणतं, अडकलेले किती, त्यांत आजारी, गरोदर, अंथरुणाला खिळलेले किती, शेवटचा कोरडा रस्ता कुठवर, बोट कुठे उतरवायची, उतरलेली माणसं कोणत्या शाळेत न्यायची, आणि गावातला कोणता माणूस फोनवर आहे.

आकडा का लागतो, ते हिशेबाने पाहा. समजा 600 माणसं अडकलीत, बोटीत एका वेळी 8 बसतात आणि एका फेरीला 40 मिनिटं लागतात. 75 फेऱ्या, म्हणजे एका बोटीला 50 तास. पाच बोटी दिल्या तर 10 तासांत, उजेडातच काम उरकतं. हा हिशेब आधी झाला नाही की दोन बोटी येतात, संध्याकाळ होते आणि लोक आहे त्या बोटीत घुसतात. 8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला गावचीच बोट क्षमतेपेक्षा जास्त माणसं घेऊन उलटली, माणसं गेली. ती आठवण इथे प्रत्येकाला आहे. लाइफ जॅकेट जितकी, माणसं तितकीच, हे काठावर उभं राहून पाळून घेणारा पोलीस लागतो. ते जवानाचं काम नाही.

बाहेरून आलेल्या पथकाला आपली नदी माहीत नसते. पाण्याखाली उभा ऊस असतो, त्यात मशीनचा पंखा गुंततो. कुंपणाची तार रबरी बोट फाडते. विजेच्या तारा एरवी डोक्यावर असतात, पुरात त्या बोटीतल्या माणसाच्या हाताला लागतात, म्हणून त्या भागाची वीजवाहिनी (फीडर) बंद असल्याची खात्री महावितरणकडून झाल्याशिवाय बोट सोडू नये. प्रत्येक बोटीत गावातला एक पोहणारा, शिवारातली वाट ओळखणारा माणूस बसवावा. पेट्रोल जिल्ह्याने द्यायचं असतं, आणि पंप पाण्यात गेलेला असतो. ते कॅनमध्ये भरून आधीच उंचावर ठेवावं लागतं.

अमेरिकेत नॅशनल गार्ड एरवी राज्यपालाच्या ताब्यात असतं आणि राष्ट्राध्यक्ष ते केंद्राकडे घेऊ शकतात. 2005 च्या कतरिना वादळात लुईझियानाच्या राज्यपालांनी तो ताबा द्यायला नकार दिला होता. पुढे एकच अधिकारी राज्याची आणि केंद्राची अशा दोन्ही फौजांना आदेश देईल अशी सोय रूढ झाली. आपल्याकडे राज्याचं स्वतःचं सैन्य नाही, त्यामुळे तो पेच नाही, पण त्याच कारणाने राज्य आपदा दलाला बळ देणं राज्यावरच येतं. आपल्या राज्याच्या दलाच्या तुकड्या धुळे आणि नागपूरला. कृष्णाकाठी एक कायमची तुकडी हवी, ही मागणी मला मिलिटरीच्या मागणीपेक्षा जास्त रास्त वाटते.

शेवटची बाब बहुतेक वेळा राहून जाते. काम संपल्यावर फौजेला मोकळं केल्याचं पत्रही जिल्हाधिकाऱ्यानेच द्यायचं असतं. गाळ काढणं, पंचनामे, धान्यवाटप ही कामं महापालिकेची आणि महसूलची. पाणी 40 च्या खाली गेलं, अडकलेलं कोणी उरलं नाही, की पत्र द्यावं आणि वापरलेल्या बोटी, इंधन, हेलिकॉप्टरच्या फेऱ्या यांची नोंद त्याच दिवशी दोन्हीकडच्या सह्यांनी करावी, कारण लष्करी मदतीच्या खर्चाचा हिशेब पुढे राज्याकडे येतो.