थिजलेलं तेल

डिसेंबरात नागपूरचा पारा १०च्या आसपास आला की न्हाणीघरातली खोबरेल तेलाची बाटली दगड होते. मग ती गच्चीवर उन्हात, नाहीतर गरम पाण्याच्या तांब्यात. त्याच वेळी स्वयंपाकघरात इतवारीतून आणलेलं जवसाचं तेल मात्र धार धरून पडतं. खोबरेल २४-२५ अंशांच्या खाली थिजतं, कारण त्यातल्या स्निग्धाम्लांच्या, म्हणजे चरबीतल्या कार्बनच्या, साखळ्या बहुतेक सरळ. सरळ काड्यांची मोळी घट्ट बांधता येते. जवसातल्या साखळ्या दोन-तीन ठिकाणी वाकलेल्या, म्हणजे बाभळीचे फाटे. त्यांची मोळी कितीही आवळा, पोकळच राहणार.

पेशीचं आवरणही असंच तेलाचं. दोन थर, जाडी सुमारे ५ नॅनोमीटर. बाहेर मेमधले ४५ अंश असोत की डिसेंबरातले १०, पेशीला आतले ३७च ठाऊक. तेवढ्या तापमानात ते आवरण वाहतं राहिलं पाहिजे, पण फाटता कामा नये. म्हणून सरळ आणि वाकड्या साखळ्यांचं मिश्रण, आणि दोघांना आवरून धरायला मधे कोलेस्टेरॉल. लोक उगाच त्याला शिव्या घालतात.

कॅन्सरच्या पेशीत हे मिश्रण बिघडतं. निरोगी पेशी बरीचशी चरबी रक्तातून उचलते. अनेक गाठींतल्या पेशी ती घरीच बनवायला लागतात, आणि घरी बनते ती १६ कार्बनची सरळ साखळी, फार तर तिला एक वाक. जवसासारखी साखळी माणसाच्या पेशीला शून्यातून बनवताच येत नाही, ती अन्नातूनच यावी लागते. त्यामुळे आवरणात वाकड्यांचा वाटा घटतो. त्यात कॅन्सरच्या पेशीचा फायदा आहे. जवसाचं तेल उघडं राहिलं की खवट होतं, कारण दोन वाकांमधल्या कार्बनवर ऑक्सिजन हल्ला करतो आणि एक बिघडली की शेजारची बिघडते. काही औषधं पेशीला याच खवटपणाने मारतात. वाकड्या साखळ्या कमी असल्या की ती मात्रा कमी लागू पडते. तरी ‘कॅन्सरचं आवरण घट्ट’ असा नियम करू नये. गाठ सोडून पसरायला निघालेल्या पेशींचं आवरण बरेचदा उलट मऊ असतं. आणि रोज चमचाभर जवसाने गाठ विरघळते, हा निष्कर्ष तर यातून मुळीच निघत नाही. चटणी चवीसाठी खावी.

आणखी एक फरक आवरणाच्या आतल्या-बाहेरच्या बाजूचा. फॉस्फॅटिडिलसेरीन हा आवरणातल्या चरबीचा रेणू निरोगी पेशी ऊर्जा खर्चून आतल्या थरात ओढून ठेवते. मरणारी पेशी तो बाहेर दाखवते, मग सफाईवाल्या पेशी तिला गिळतात. कॅन्सरची पेशी बरेचदा धडधाकट असूनही तो बाहेर मिरवते, आणि सोबत ‘मला खाऊ नका’ सांगणारं सीडी-४७ हे प्रथिनही वाढवते.

म्हणजे रेणू बहुतेक तेच, प्रमाण आणि जागा बदललेली. स्तनाच्या निरोगी पेशीवर हर-टू हे वाढीचा इशारा देणारं प्रथिन साधारण २० हजार, काही गाठींत २० लाखांपर्यंत. गाठीच्या तुकड्याच्या तपासणीत ते तपकिरी रंगवतात. पेशीच्या पोटातला रंग मोजायचा नसतो, कडेची रेघ मोजायची. १० टक्क्यांहून जास्त पेशींभोवती ती गडद आणि अखंड असेल तर निकाल ३+, म्हणजे हर-टू वाढलेलं. २+ आलं की उत्तर अधांतरी, मग हर-टूच्या जनुकाच्या प्रती मोजणारी फिश चाचणी.

इथे घोळ होतो तो बहुधा बरणीत. काढलेला तुकडा तासाभरात १० टक्के बफर्ड फॉर्मालिन या टिकवणाऱ्या द्रवात पडायला हवा, द्रव तुकड्याच्या किमान दहापट, मुक्काम ६ ते ७२ तास. उशीर झाला तर प्रथिन झिजतं आणि रेघ फिकी पडते. तुकड्याच्या कडा वाळल्या तर तिथे उगाच गडद रंग धरतो, म्हणून जाणता पॅथॉलॉजिस्ट कडा सोडून मधे पाहतो.

एक गंमत अशी की या स्लाइडवर तेल नसतंच. मेणात बसवण्याआधी तुकडा अल्कोहोल आणि झायलीनमधून जातो, त्यात आवरणातली चरबी जवळजवळ सगळी धुऊन जाते आणि प्रथिनांची रेघ तेवढी मागे उरते. तेलच पाहायचं असेल तर तुकड्याचा एक भाग अल्कोहोल-झायलीनला लागण्याआधीच वेगळा काढून गोठवावा लागतो.