भट्टीची नोंद ४ : जुनी ऐरण पारखताना

भट्टी लागली, भात्याचा वारा जमला, सांडशीही झाली. आता ऐरण. तपासायला घेतलेला नग जुन्या इंग्लिश घाटाचा: पुढे शिंग (गोल निमुळतं टोक), मागे टाच (बाहेर आलेला चौकोनी भाग), कुशीवर 1 - 1 - 14 असे आकडे आणि माथा नुकताच ग्राइंडर मारून चकचकीत केलेला. ही चकाकीच पहिली शंका. गंजलेला पण सपाट माथा त्यापेक्षा कधीही बरा.

कुशीवरचे आकडे किलोचे नाहीत. पीटर राइटसारख्या इंग्लिश ऐरणींवर वजन हंड्रेडवेटमध्ये असतं: पहिला आकडा 112 पौंडांचा, मधला 28 पौंडांचा, शेवटचे सुटे पौंड. म्हणजे 112 + 28 + 14 = 154 पौंड, जवळजवळ 70 किलो. मधला आकडा 3 च्या किंवा शेवटचा 27 च्या वर असेल, तर मोजमाप वेगळं समजावं.

काट्यावर भरली 68.7 किलो. माथा 10 × 35 सेंमी, त्यामुळे 1 मिमीचा थर म्हणजे सुमारे 275 ग्रॅम. तुटीचा हिशेब 4 मिमीच्या आसपास जातो. मूळ आकड्यातच थोडा फरक असू शकतो, म्हणून हा फक्त इशारा. पण या जुन्या ऐरणींत घडीव लोखंडाच्या अंगावर जेमतेम 12 मिमीची पोलादी पट्टी जोडलेली असते. बाजूला सांधा दिसतो. तिथे पट्टी मोजली तर पुढे 8, टाचेकडे 7 मिमी. खोलगट माथा सपाट करायला पोलादच खरवडलंय. 2-3 मिमीचा खोलगटपणा तसाच ठेवायला हवा होता, सळई सरळ करताना तो उपयोगीच पडतो.

मग छर्रा. 25 मिमीचा बेअरिंगचा छर्रा पारदर्शक नळीतून 25 सेंमीवरून सोडायचा आणि उसळी मोजायची. आधी गंज पॉलिश पेपरने काढावा आणि ऐरण डुगडुगू देऊ नये, नाहीतर चांगली ऐरणही कमी उसळी दाखवते. 70 टक्क्यांच्या वर चांगली, 50 च्या खाली बिडाची किंवा पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरलेली. आगीत सापडलेल्या ऐरणीचं पाणी असंच उतरतं. तिच्या कडेवर कानस सहज चावते.

मिळालेली उसळी: कमरेच्या (मधल्या बारीक भागाच्या) वर 19-20 सेंमी. टाचेवर 15, पण टाच पातळ आणि अधांतरी असल्याने तेवढं चालतं. शिंगाच्या बाजूला, पलीकडच्या लांब कडेजवळ, तळहाताएवढ्या जागेत मात्र फक्त 9. खाली भक्कम अंग असताना इथे उसळी पडायला नको होती. 250 ग्रॅमच्या हातोडीने दर 3 सेंमीवर टकटक केल्यावर तिथेच आवाज फुटका, भिरभिरता येतो. पट्टी खालून सुटली आहे.

आवाजाची परीक्षा ऐरण ठोकळ्यावरून मोकळी करूनच घ्यावी. शिवाय नुसता ठणठणाट खरेपणाची खूण नाही: अमेरिकी फिशर ऐरण बिडाच्या अंगावर पोलादी माथा बसवून ओतलेली, ती जवळपास मुकीच असते, तरी उत्तम.

कडांचे 5 मिमीपर्यंतचे टवके क्षम्य. गोलाई देऊन निभतात. चौकोनी भोकाच्या कोपऱ्यातून निघालेली तडा मात्र नाही, टाच तिथूनच तुटते. या नगात तडा नव्हती.

तरीही निर्णय: घ्यायची नाही. सुटलेल्या पट्टीवर वरून वेल्डिंग केलं तर खालची पोकळी तशीच राहते आणि आजूबाजूचं पाणी उतरतं. पुढची ऐरण सापडेपर्यंत रीतसर लिलावातल्या भंगारातला 60 किलो मापाचा (मीटरला 60 किलो) रेल्वेचा रूळ. 30 सेंमी तुकडा म्हणजे 18 किलो. तो आडवा न ठेवता उभा पुरायचा, म्हणजे घावाखाली सगळं वजन येतं.