गच्चीवरच्या ईएसपी३२ साठी सेल शोधताना

गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी उशिरा आणि कमी दाबाने. पुणेकराला हे वेगळं सांगायला नको. म्हणून गच्चीवरच्या टाकीत फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून पातळी टिपणारा) टाकायचा आणि ईएसपी३२ या वाय-फायवाल्या छोट्या चिपने दर पंधरा मिनिटांनी पातळी फोनवर कळवायची, असं ठरवलं. कोड पटकन झाला. घोडं अडलं बॅटरीपाशी. गच्चीवर प्लग नाही, आणि सोसायटीच्या मीटरवरून वायर ओढायची तर आधी मीटिंग!

पॉवर बँक लगेच बाद झाली. चिप डीप स्लीपमध्ये, म्हणजे वीज वाचवायला गाढ झोपेत, गेली की बहुतेक पॉवर बँका लोड नाही असं समजून बंद पडतात.

मग पुण्यातली इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तपकीर गल्ली. तिथे १८६५० आकाराचा लिथियम-आयन सेल ढिगाने मिळतो. एका दुकानात वेष्टनावर चक्क ९९०० एमएएच क्षमता छापलेली. "दादा, हाच न्या, भरपूर चालतो." या आकाराच्या चांगल्यात चांगल्या सेलमध्येही ३५०० च्या आसपासच मावतात, त्यामुळे तो परत ठेवला. पण खरी अडचण एमएएचची नव्हतीच. हा सेल ४.२ व्होल्टपासून ३ पर्यंत उतरतो आणि ईएसपी३२ ला हवेत ३ ते ३.६. म्हणजे मध्ये व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर आला. डेव्हलपमेंट बोर्डांवर बहुधा एएमएस१११७ हा रेग्युलेटर असतो. त्याला आउटपुटपेक्षा साधारण एक व्होल्ट जास्त लागतो, म्हणजे ३.३ साठी भरलेला सेलही अपुरा. वर तो स्वतःच ५ मिलिअँपच्या घरात खातो. झोपलेली चिप घेते १० मायक्रोअँप! २५०० एमएएचचा सेल नुसत्या रेग्युलेटरपायी तीन आठवड्यांत संपेल.

एमसीपी१७०० हा दुसरा रेग्युलेटर लावला असता तर हे सुटलं असतं, तो दोनेक मायक्रोअँपवर भागवतो. पण त्याची मर्यादा २५० मिलिअँप, आणि वाय-फाय सुरू होताना ईएसपी३२ तिथवर सहज पोचतो. शिवाय एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या डब्यात लिथियम-आयन ठेवायला माझं मन धजेना.

शेवटी लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल घेतला. तो ३.२ व्होल्टचा, उष्णता जास्त सोसणारा. क्षमता १५०० एमएएच, म्हणजे कमीच. पण रेग्युलेटर लागतच नाही. बोर्ड बाजूला ठेवून नुसतं वरूम मॉड्यूल (बोर्डावरचा ईएसपी३२ चा मूळ भाग) थेट सेलवर जोडलं आणि वाय-फायच्या झटक्यासाठी जवळच ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. दर वेळी पाच सेकंद जाग, सरासरी १०० मिलिअँप धरले तर हिशेब तीन महिन्यांच्या वर जातो. आता झोपेचा खर्च नगण्य, जागेपणाचाच मुख्य. म्हणून ईएसपी३२ चा आयपी पत्ता पक्का करून जोडणीचा वेळ कमी केला.

चार्जर मात्र वेगळा लागतो. नेहमीचा टीपी४०५६ चार्जर ४.२ व्होल्टपर्यंत चढवतो, या सेलला ते घातक. टीपी५००० घेऊन तो ३.६ वर सेट केला. आणखी एक कटकट उरते: या सेलचा व्होल्टेज बराच काळ जवळपास एकाच जागी राहतो आणि शेवटी एकदम घसरतो, त्यामुळे 'किती टक्के उरली' हे व्होल्टेजवरून नीट कळत नाही. मी टक्केवारीचा नाद सोडला. ३.१ च्या खाली गेला की फोनवर मेसेज येतो आणि मी भरलेला दुसरा सेल घेऊन वर जातो.